एकशे सात उल्लेख

दशक्रियेच्या बातमीत उपस्थितांची किती नावं छापायची, याचा आमच्या दैनिकात नियम होता. सहा. सातव्या नावाच्या जागी ‘आदी मान्यवर उपस्थित होते’ असं लिहून बातमी संपवायची. नियम पुण्यात बसून केलेला होता. मी मंचरला राहून आंबेगाव तालुक्याच्या बातम्या पाठवायचो, आणि आंबेगाव तालुक्यात सातवा माणूस कुणीच नसतो. प्रत्येकजण पहिल्या सहांतला असतो. त्यामुळे दशक्रियेची बातमी छापून आली की पुढचे दोन-तीन दिवस मी बाजारपेठ टाळून मागच्या गल्लीने घरी जात असे.

निरगुडसरचे भगवंतनाना या नियमाच्या बरोबर उलट टोकाचे. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर मांडव पडतो. महाराजांचं प्रवचन होतं, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं होतात, आणि या सगळ्याच्या मधल्या फटींत माईकवरून आलेल्यांची नावं घेतली जातात. हे काम सगळ्यांत अवघड. पुढारी काय बोलला हे घाट चढेपर्यंत लोक विसरतात. नाव राहिलं तर सोयरीक मोडते. नानांनी हे काम तीसेक वर्षं केलं. समोर कितीही माणूस बसलेलं असो, नाना नजर फिरवत जात आणि गाव, आडनाव, नातं यांसकट एकेकाचं नाव घेत. हातात कागद नाही. ज्याचं नाव येई तो बसल्या जागी अर्धवट उठून हात जोडी आणि समाधानाने परत बसे. काही हौशी लोक स्वतःच्या नावाची चिठ्ठी पुढे सरकवत. नाना तेही नाव घेत, पण ‘यांनी स्वतः कळवल्यावरून’ एवढं जोडून. तो माणूस पुन्हा चिठ्ठी पाठवत नसे.

२००१च्या दिवाळीत नानांना घशाचा कॅन्सर निघाला. पुण्याला ऑपरेशन झालं. माणूस घरी आला, आवाज तिकडेच राहिला. उरली ती एक कुजबुज, आणि ती फक्त त्यांच्या बायकोला, साळुबाईंना कळायची. नाना ओठ हलवायचे, साळुबाई मोठ्याने सांगायच्या. नानांचे चार शब्द साळुबाईंच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत बारा झालेले असायचे. मधले आठ कुणाचे, हे विचारायची सोय नव्हती.

फेब्रुवारीत नानांचा निरोप आला, पत्रकाराला पाठवून द्या. मी गेलो. नाना पडवीत खाटेवर होते, गळ्याला मफलर. ओठ हलले.

“ते म्हणत्यात, आमचा अमृत सायंटिस झाला,” साळुबाईंनी सुरुवात केली, “पर त्याचं नाव कुठं निघतं का न्हाई, आमाला कळाया मार्ग न्हाई. गाव इचारतं, गाडी न्हाई, लाल दिवा न्हाई, मग पोरगं करतं काय? म्हनं सापाचं इख काढतं. ते तर गारुडी बी काढतो.”

नानांनी हात झटकला. गारुडी त्यांचा नसावा.

“आता म्हणत्यात, त्यानं जे लिवलं त्याचा जगात कुणी कुणी उल्लेख केला, ती नावं काडून आना. हितं बसून वाचून दावा. डाक्टरनं ह्यांना आखाडापत्तर सांगितलंय. त्याच्या आत करा, पत्रकार.”

एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या. नाना माझ्याकडे पाहत होते. तीस वर्षांत त्यांनी माझं नाव एकाही दशक्रियेत गाळलं नव्हतं, मी कोपऱ्यात उभा राहून वहीत लिहीत असलो तरी. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर काम मला किरकोळ वाटलं. एक फोन, थोडी माहिती, जमल्यास सिंगल कॉलम बातमी. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं अर्ध्या दिवसाचं काम म्हणूनच सुरू झालेली आहेत.

घरचा फोन बंद होता म्हणून फतेचंदशेठच्या कापड दुकानातून पुण्याला फोन लावला. दुकानात पातळांच्या गठ्ठ्यांशेजारी एस.टी.डी. बूथ होता, आणि बूथला काच असली तरी शेठला ऐकू यावं म्हणून ती अर्धी उघडी असायची.

अमृत पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मण्यार सापाच्या विषावर काम करायचा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, दुखत फारसं नाही, पहाटे पोट दुखायला लागतं आणि पापण्या मिटायला लागतात. जुन्नरच्या पश्चिमेला, घाटघरकडच्या वाड्यांतून असे पुष्कळ जण जायचे. अमृत दर पावसाळ्यात संस्थेची जीप घेऊन तिकडे जाऊन राहायचा. बोलायला मोजूनमापून.

असे उल्लेख कुणी मोजतं का, असं मी त्याला विचारलं. “मोजतात, भाऊ. सायटेशन म्हणतात त्याला. दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात माझ्या पेपराचा आधार घेतला, की एक.”

“तुझे किती?”

“पेपर एकवीस. सायटेशन एकशे सात.”

“हे जास्त का कमी?”

“मार्चमध्ये बढतीची समिती बसतेय. तिलाही हाच प्रश्न आहे,” तो म्हणाला. मग प्रामाणिकपणाने पुढे म्हणाला, “त्यातले एकोणतीस माझेच. मीच माझ्या आधीच्या कामाचा आधार घेतलेले.”

बूथमधून बाहेर आलो तर फतेचंदशेठ कापड मोजायचा मीटर बाजूला टाकून माझीच वाट पाहत होते.

“एकशे सात? पत्रकारसाहेब, एवढ्या मतांत सोसायटीचा संचालक निवडून येत नाही. पोराला म्हणावं, जरा फिर. लोकांना भेट. चहापाणी कर.”

“शेठ, ही मतं नाहीत. परदेशातले शास्त्रज्ञ आहेत.”

“मग तर सोपं. परदेशातल्या माणसाला चहासुद्धा पाजावा लागत नाही. पत्र टाकलं तर काम होतं.”

नानांना दोन्ही आकडे सांगितले तेव्हा त्यांनी बोटांनी वजाबाकी केली. “ते एकुनतीस धरू नका म्हणत्यात,” साळुबाई म्हणाल्या. “चिठ्ठीवाले हायेत ते. ऱ्हायले अठ्ठ्याहत्तर. ती नावं आना.” संशोधनाचं मूल्यमापन कसं करावं यावर जगात पुष्कळ विद्वान डोकं फोडत असतील. निरगुडसरच्या पडवीत ते चहा निवायच्या आत झालं.

नावं मिळायला वेळ लागणार होता. तोवर निदान बातमी तरी यावी, नानांना बरं वाटेल, म्हणून मी चार ओळी फॅक्स केल्या. ‘डॉ. अमृत यांच्या संशोधनाचा एकशे सात शोधनिबंधांत आधार घेण्यात आला आहे.’ यात चूक शोधून दाखवावी. पण पुण्याच्या डेस्कवरच्या उपसंपादकाला ‘शोधनिबंधांत आधार’ वाचकाला कळणार नाही असं वाटलं. वाचकाला कळावं म्हणून त्याने ते सोपं केलं. सकाळी मथळा असा होता: ‘निरगुडसरच्या सुपुत्राचा १०७ देशांत डंका’.

दुपारपर्यंत वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर अमृतचा फोटो छोटा आणि शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. शाळेत गुरुजींनी जगाचा नकाशा लावून मुलांना देश मोजायला बसवलं. आणि संध्याकाळी अमृतचा फोन शेठच्या दुकानात आला.

“भाऊ, कात्रण संचालकांच्या टेबलावर आहे.”

“आवडलं का त्यांना?”

“परवानगीशिवाय वर्तमानपत्रात माहिती दिली, म्हणून मेमो आलाय. शिवाय मण्यार एकशे सात देशांत सापडत नाही.”

मी डेस्कला फोन करून शक्य तेवढ्या सभ्य भाषेत दुरुस्ती छापायला सांगितली. दुरुस्ती छापून आली. आतल्या पानावर, हवामानाच्या खाली: ‘डॉ. अमृत यांच्याविषयीच्या वृत्तातील १०७ हा आकडा चुकीचा आहे. वाचकांनी नोंद घ्यावी.’

वाचकांनी घेतली. बरोबर आकडा कुठला हे छापलेलं नसल्यामुळे ज्याने त्याने आपापला घेतला. कुणी सात म्हणालं, कुणी एक. बहुसंख्यांचं मत शून्यावर स्थिरावलं. फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांपैकी दोघांनी फ्लेक्स फाडून आपापले फोटो घरी नेले. अमृत तेवढा बांबूला लटकत राहिला. मी निरगुडसरला गेलो तर साळुबाई पडवीच्या पायरीवर वाट अडवूनच बसलेल्या.

“म्या डेअरीवर दूध घालाया जायाची बंद झाले, पत्रकार. बाया म्हणत्यात, सगळे देश माघारी घेतले का वं? ह्यांना घास उतरत न्हाई. तुमी पेपरात न्हाई छापलं असतं तर निदान कुनाला ठावं तरी नसतं!”

आत नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. ज्या माणसाने उभ्या हयातीत कुणाचं नाव चुकवलं नाही, त्याच्या मुलाच्या नावाची ही गत मी अर्ध्या दिवसात करून ठेवली होती. त्या क्षणी कुणीही काहीही उपाय सुचवला असता तर मी हो म्हणालो असतो. दुर्दैवाने तो फतेचंदशेठनी सुचवला.

“उल्लेख कमी पडतात ना? मग करायचे,” शेठ म्हणाले. “ठराव! दूध संस्था आहे, पतपेढी आहे, भजनी मंडळ आहे, आमचं व्यापारी मंडळ आहे. प्रत्येकाच्या कागदावर डॉक्टरचा उल्लेख आला पाहिजे. गठ्ठा बांधून समितीला पाठवू. माणसाच्या पाठीशी गाव आहे हे दिसलं की कुठलीही समिती गप्प बसते. बाजार समिती काय, कारखाना काय, आणि ही काय.”

मी त्यांना सायटेशन म्हणजे काय हे पुन्हा समजावलं. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांच्या कागदावर डॉक्टरचं नाव असतं आणि आपल्याही कागदावर डॉक्टरचंच नाव. फरक काय?”

आणि एकदा करायचंच तर ते शास्त्रोक्त व्हावं, म्हणून उल्लेखाचा नमुना मीच लिहून दिला: ‘पाहा: डॉ. अमृत यांचे मण्यारदंशाविषयीचे संशोधन, १९९७’. एवढा मजकूर प्रत्येकाने आपापल्या कागदात योग्य जागी घालायचा होता. योग्य जागा ठरवणं मी संस्थांवर सोपवलं. दूध संस्थेने तो वार्षिक अहवालात म्हशीच्या दुधाच्या फॅटच्या तक्त्याखाली घातला. ग्रामपंचायतीच्या सूचनेत ‘डॉ. अमृत यांच्या संशोधनास अनुसरून पाणीपट्टी मुदतीत भरावी’ असं आलं. भजनी मंडळाने हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत काल्याच्या कीर्तनाच्या वेळेपुढे ते छापलं. शेठच्या दुकानाच्या बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’च्या बरोबर वर ते होतं. एका लग्नपत्रिकेत वरपक्षाने घातलं म्हणून वधूपक्षाने स्वतंत्र पत्रिका काढून दोनदा घातलं.

या सगळ्याचा गठ्ठा बांधून शेठनी रजिस्टर पोस्टाने संस्थेला पाठवला. वर पत्र जोडलं: ‘सोबत नवीन उल्लेख. आणखी लागल्यास कळवावे.’

मार्चअखेर मी अमृतला फोन लावला. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

“समितीत दूध संस्थेचा अहवाल मोठ्याने वाचला गेला, भाऊ. सगळे हसले. साने सर सुद्धा.” डॉ. साने त्याचे विभागप्रमुख. “मग कुणीतरी म्हणालं, आकडे फुगवण्यासाठी गावाकडून प्रचार चालवलाय. मग कुणी हसलं नाही.”

“आणि बढती?”

“ती राहिली बाजूला. चौकशी बसलीय. ती संपेपर्यंत बाहेरचं काम बंद. या पावसाळ्यात जीप घाटघरला जाणार नाही.”

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. बूथच्या अर्ध्या काचेतून शेठनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी त्या कॉलचे पैसे घेतले नाहीत. मंचरच्या बाजारपेठेत ही घटना दुर्मिळ म्हणून नोंदवून ठेवतो.

आता माझ्याकडे करण्यासारखं एकच उरलं होतं, जे सुरुवातीलाच करायला हवं होतं. ती अठ्ठ्याहत्तर नावं आणायची. शेठच्या मुलाने, विपुलने नारायणगावात सायबर कॅफे टाकला होता. तिथे पान उघडायला लागलं की वीज जायची, आणि वीज आली की संगणक पासवर्ड मागायचा. शेवटी पुण्यातल्या एका मोठ्या ग्रंथालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी गाईडचं पत्र मागितलं. मी वार्ताहराचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहून “वृत्तपत्रं तळमजल्यावर” असं सांगितलं आणि परत दिलं. तीन खेपांनंतर कुणाला तरी दया आली. जाडजूड ग्रंथांतून मला यादीच्या झेरॉक्स मिळाल्या. मी त्या तशाच न वाचता पिशवीत घातल्या. नानांच्या आधी आपण वाचणं मला बरं वाटेना.

मे महिन्यातल्या एका रविवारी निरगुडसरला गेलो. अमृतही आला होता. नाना आता उठून बसू शकत नव्हते. साळुबाईंनी त्यांची मान उशीवर वर करून ठेवली, स्वतः पदर नीट करून उशाशी बसल्या. नानांनी डोळे मिटले. ऐकायची त्यांची ती पद्धतच होती.

मी वाचायला लागलो. अमुक साली अमुक देशात अमुक नावाच्या शास्त्रज्ञाने उल्लेख केला. कुणाचा, तर ‘साने आदी’ यांचा. दुसऱ्याने केला, ‘साने आदी’ यांचा. तिसऱ्याने, ‘साने आदी’ यांचा. इंग्रजीत तिथे लॅटिनमधले दोन छोटे शब्द होते, पण त्यांचं मराठी करायला मला डिक्शनरी लागत नव्हती. आयुष्यभर मी तेच लिहीत आलो होतो. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला.

दहाबारा नावांनंतर नानांनी बोट वर केलं.

“ते इचारत्यात, आमचा अमृत कवा येनार?”

मी अमृतकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. “नाना, पेपरावर पहिलं नाव साने सरांचं आहे. ते प्रमुख म्हणून. माझं तिसरं. उल्लेख करताना पहिलंच नाव लिहितात. बाकीचे आदी.”

“काम कुनी केलं?” हे साळुबाईंनी स्वतःच्या खात्यावर विचारलं.

“मी केलं, आई.”

नानांचे ओठ हलले. साळुबाई वाकून ऐकत राहिल्या, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच त्यांनी नानांच्या शब्दांत स्वतःचा एकही शब्द मिसळला नाही.

“म्या कदी आदी म्हनलो न्हाई.”

मग नानांनी पुन्हा काहीतरी विचारलं.

“म्हणत्यात, ज्यास्नी चावलं, त्यांची नावं हायेत का त्यात?”

“नाहीत,” अमृत म्हणाला. “रुग्ण क्रमांक एक ते अकरा असं आहे. नावं द्यायची नसतात, नाना. त्यांची अब्रू राखायला असतो तो नियम.”

“सर्प चावला त्यात कसली आलीय अब्रू?” साळुबाई म्हणाल्या. “आन त्यातले गेले कितीक?”

“चार.”

नानांनी मुलाला जवळ बोलावलं. अमृत त्यांच्या तोंडाशी कान नेणार होता, पण नानांनी मान हलवली आणि स्वतःच्या कानाकडे बोट केलं. मग अमृतने खाली वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सावकाश, थांबत थांबत. चार वेळा नानांनी मान डोलावली. मला ऐकू आलं नाही. नंतर नाना हातवाऱ्यांनी म्हणाले की बाकीची यादी वाचायची गरज नाही, चहा घ्या.

नाना आखाड लागण्याआधीच गेले. डॉक्टरांचा अंदाजसुद्धा माझ्या बातमीसारखाच, जवळपास बरोबर.

दशक्रियेला घाट भरून गेला. पिंडाला कावळा लगेच शिवला, त्यामुळे ज्या तीन पुढाऱ्यांनी अमृतच्या बढतीसाठी मंत्रालयापर्यंत जाण्याचं वचन कावळ्यासमोर देण्याची तयारी करून आणली होती, त्यांची निराशा झाली. पुण्याहून डॉ. साने आणि चौकशी समितीतले एक गृहस्थ आले होते. ते मांडवात खुर्चीवर बसले. खुर्च्या फक्त त्यांच्यासाठी आणल्या होत्या आणि बाकी सगळे खाली बसलेले पाहून त्यांना उठावं की बसावं हे ठरत नव्हतं. मागच्या बाजूला घाटघरच्या वाड्यांतली काही माणसं होती, त्यांत जानकू दिसला. पहाटेची गाडी धरून आला होता. त्याच्या बायकोला, धोंडाबाईला, मण्यार चावली होती, हे मला अमृतकडून कधीतरी कळलं होतं.

माईकवर नवा निवेदक होता. कॉलेजात निवेदनाचं बक्षीस मिळवलेला. त्याने आमदार-खासदारांपासून सुरुवात करून दहाबारा नावं छान घेतली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “...आणि आदी मान्यवर.”

“कोन आदी?” बायकांतून साळुबाईंचा आवाज आला. त्यांना माईकची गरज नव्हती. “ज्यानं उभं राहून तीस वर्सं समद्यांची नावं घेतली, त्याच्या दहाव्याला आदी? घे नावं!”

निवेदक गांगरला. त्याने चिठ्ठ्या शोधल्या. चिठ्ठ्या नव्हत्या, नानांच्या दशक्रियेला चिठ्ठी पाठवायची कुणाची हिंमत झाली नव्हती. सगळा घाट त्याच्याकडे पाहत राहिला. तेव्हा मुंडण केलेला, ओल्या धोतरातला अमृत उठला आणि त्याने माईक घेतला.

“नाना असते तर कुणाचंच नाव राहिलं नसतं,” तो म्हणाला. “मला एवढी नावं येत नाहीत. मला चार येतात. नानांना सांगितली होती, तीच सांगतो.”

डॉ. साने खुर्चीत सावरून बसले. चौकशीवाल्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं. ज्याच्यावर आधीच प्रचाराचा ठपका आहे, तो माणूस दोन हजार लोकांसमोर, लाऊडस्पीकरवरून, आपल्या पेपरातला नियम मोडणार आहे, हे त्या दोघांना माझ्याआधी कळलं होतं.

“धोंडाबाई जानकू, घाटघर. माझ्या पेपरात रुग्ण दोन,” अमृत म्हणाला.

मागे जानकू बसल्या जागी अर्धवट उठला. त्याने हात जोडले आणि परत बसला.

“चिमाजी, घाटघर. रुग्ण पाच.” एक म्हातारी उठली, तिने हात जोडले.

“हौशीराम. घाटघरच्या वरची वाडी. रुग्ण सात.” कुणीतरी हात जोडले.

“गेणभाऊ. रुग्ण नऊ.”

कुणी उठलं नाही. गेणभाऊंचं मागे कुणी राहिलेलं नव्हतं, किंवा कुणी आलं नव्हतं. अमृत थांबला. नाना अशा वेळी थांबत, माणूस उठेपर्यंत पुढचं नाव घेत नसत. अमृतही थांबून राहिला. मग फतेचंदशेठ, जे व्यापारी मंडळाच्या रांगेत पुढेच बसले होते, गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठले, हात जोडले आणि खाली बसले.

पसायदान झालं. लोक चप्पल शोधू लागले. डॉ. साने अमृतला दोन वाक्यं बोलून गाडीत बसले. काय बोलले ते अमृतने कधी सांगितलं नाही, पण चौकशी पुढे दीड वर्ष चालली, आणि जीप त्या पावसाळ्यात आणि पुढच्याही पावसाळ्यात गेली नाही.

जानकू माझ्याकडे आला. “पावणं, तुमी पेपरवालं न्हवं? धोंडीचं नाव माईकवर निघालं. पेपरात बी येतंय का?”

“येतंय,” मी म्हणालो. “उद्याच.”

मी हिशेब करूनच हो म्हणालो होतो. नियम सहा नावांचा. चार ही, एक आमदार, एक साखर कारखान्याचा अध्यक्ष. नियमाच्या बाहेर एक अक्षरही नाही. मी बातमी स्वच्छ अक्षरात लिहिली, दोनदा वाचली आणि शेठच्या दुकानातून फॅक्स केली. शेठनी कागद मशीनमध्ये घालण्याआधी चारही नावं बोट ठेवून तपासली.

रात्री साडेआठला डेस्कवरून उपसंपादकाचा फोन आला.

“अहो, ही काय बातमी पाठवलीत? धोंडाबाई, चिमाजी, हौशीराम, गेणभाऊ. हे कोण?”

मी सांगितलं.

“म्हणजे चौघंही मयत आहेत?”

“हो.”

“मग उपस्थितांत कशी घालता? मयत माणसं उपस्थित कशी राहतील? काहीतरी विचार करत जा.”

यात चूक शोधून दाखवावी. मला सापडली नाही. मी म्हणालो की निदान वेगळं वाक्य करून घ्या, तो म्हणाला जागा नाही, खाली जाहिरात आहे. सकाळी बातमी आली: ‘भगवंतनाना यांच्या दशक्रियेस आमदार, कारखान्याचे अध्यक्ष आदी मान्यवर उपस्थित होते.’ दहाच्या सुमारास उपसंपादकाने पुन्हा फोन करून विचारलं, “कशी वाटली? सुटसुटीत झाली ना?”

घाटघरला पेपर जुन्नरहून दुपारच्या एस.टी.ने जातो. त्या दिवशी घाटात दरड आली आणि एस.टी. गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेली, तेव्हा जुना पेपर म्हणून एजंटाने गठ्ठा परत पाठवला होता.